महिपतीनानांचं बोट

महिपतीनाना डांबरी रस्त्यावरसुद्धा बांधावरून चालल्यासारखे चालतात. एका पावलापुढे बरोबर दुसरं पाऊल, हात अंगापासून किंचित सुटे, नजर खाली. कासू स्टेशनाकडून खाडीच्या अंगाला येणारा आमचा रस्ता आता चांगला रुंद झालाय. दोन टेम्पो एकमेकांना न घासता, नुसत्या शिव्या देत जाऊ शकतात. पण नाना आपले कडेने, वीतभर रुंदीची एक मनातली पट्टी धरून चालतात. सगळी हयात मिठागरात गेली. तिथे बांधावर पाऊल चुकलं की एका बाजूला खारं पाणी आणि दुसऱ्या बाजूला मुकादम. नाना सांगतात, शहाणा माणूस पाण्याच्या बाजूला पडायचा.

मिठागर बंद पडलं त्यालाही बरीच वर्षं झाली. वाफ्यांत तिवरांची झुडपं माजली आणि बगळे उभे असतात, मुकादम जेवायला गेल्यासारखे निवांत. नानांची चाल मात्र तशीच राहिली. मागल्या वर्षी गणपती गेले आणि त्या चालीत एकच बदल झाला. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला एक नात लागली.

तशी घरात ती जन्मल्यापासूनच लागलेली होती. मनस्वी तिचं नाव, घरात मनू. तिची आई पूजा हमरापूरची. लग्नाआधीपासून गणपती रंगवायचा हात, त्यामुळे हंगामात ती माहेरच्या कारखान्यात रंगकामाला जाते. बाप नितेश रोह्याला कंपनीत शिफ्ट करतो. आजी काशीबाई शेतात नाहीतर चुलीपाशी. म्हणजे उरला कोण, तर आजा. मनूने चालायला सुरुवात केली ती आज्याचं बोट धरून, आणि चालायला आलं तरी बोट काही परत केलं नाही. ते बोट धरून ती जेवायची, झोपायची, आणि रागवायची झाली तरी ते बोट धरूनच आज्यावर रागवायची. नानांनी दाढी डाव्या हाताने करायची सवय लावून घेतली होती. गालावर त्याच्या खुणा असत.

हे असंच चाललं असतं, पण मध्ये नितेशची झोप आली. रात्रपाळी करून तो रोह्याहून गाडीत बसायचा आणि खिडकीला डोकं टेकलं की संपलं. कासूला उतरायचं तर पेणला जागा व्हायचा. एकदा पनवेललाच उठला. तिथून फोन केला, तर काशीबाई म्हणाली, "गेलायस तर येताना पेणचे पापड आण." विनोद झाला, पण पोराचे डोळे खोल गेलेले सगळ्यांना दिसत होते. रोह्यात खोली मिळत होती, कंपनीपासून सायकलच्या अंतरावर. पूजा तयार होती. तिची अडचण एकच होती, आणि ती तिने सासऱ्यासमोर, पण सासऱ्याकडे न बघता सांगितली.

"पोर बाबांच्या बोटाबिगर मिनिटभर ऱ्हात नाय. तिकडच्या शाळंत आजा कुठून आणू मी?"

म्हणजे सगळ्या घराचं पुढचं नशीब नानांच्या बोटाला लटकलं होतं, आणि त्या बोटाला मनू. ठरलं असं की आधी गावातल्या अंगणवाडीत तिला बसवायची. इथे एकटी बसायला लागली की होळीनंतर रोहा. नाही बसली तर नितेशने पनवेलपर्यंत झोपत जायचं.

"बसंल," नाना म्हणाले. "न बसाया काय झालं? पोराची झोप तरी होल."

म्हणाले खरे. आवाज जरा खालून आला.

आमची अंगणवाडी म्हणजे एक खोली, पुढे ओटा, अंगणात हातपंप. भिंतीवर प्राणी रंगवलेत. रंगाऱ्याने हत्तीची शेपटी इतकी जाड काढलीय की नवीन मूल आलं की आधी त्याला हत्तीचं पुढचं कोणतं आणि मागचं कोणतं ते सांगावं लागतं. मालूताई शिकवतात, ठमाबाई खिचडी रांधते. मालूताई याच गावच्या, नानांच्या पुढ्यात लहानाच्या मोठ्या झालेल्या, त्यामुळे त्यांना नानांवर अरेरावी करायची सोय नव्हती.

पहिल्या दिवशी नानांनी मनूला दारात सोडलं, म्हणजे सोडायचा बेत केला. मनूने असा सूर लावला की हातपंपावर पाणी भरणाऱ्या बाया कळश्या ठेवून बघायला आल्या.

"बसा नाना तुमीपण थोडा वेळ," मालूताई म्हणाल्या.

तो थोडा वेळ दिवाळी ओलांडून गेला.

नाना बसले ते मुलांच्या प्लास्टिकच्या लाल खुर्चीत. उठायची वेळ आली तेव्हा खुर्चीही त्यांच्याबरोबर उठली. पोरं लोळून लोळून हसली. मनूही हसली, तोंडावरचं पाणी तसंच ठेवून. मालूताईंनी तेवढ्यात सगळ्यांना गोल बसवलं आणि चिमणी-भुर्र सुरू केलं. खेळ तुम्हाला ठाऊकच असेल. सगळ्यांनी एकेक बोट जमिनीला टेकवायचं. राज्य असेल त्याने म्हणायचं, चिमणी उडाली, की बोट वर करून "भुर्र!" कावळा उडाला, भुर्र! आणि मध्येच, म्हैस उडाली. म्हशीला बोट उचललं तो आऊट.

आता पंचाईत अशी की मनूच्या मुठीत आज्याचं बोट. ते जमिनीला टेकवायचं तर तिचा हात त्याच्याबरोबर येणार. मग ते बोट कुणाचं धरायचं? निकेश म्हणून एक पोर आहे, पाचाला टेकलेलं, पण बोलणं सरपंचाचं. तो म्हणाला, "असा नाय चालनार. दोगांचा एक बोट नाय चालत. आनि आजा मोठा हाय. तो जिंकंल."

साहिल त्याच्याहून लहान आणि त्याच्याहून दयाळू. त्याने क्षणभर नानांच्या पांढऱ्या मिशांकडे पाहिलं आणि निकाल दिला.

"आजा कच्चा लिंबू!"

सगळ्यांना पटलं. गल्लीत, अंगणात खेळलेल्या माणसाला कच्चा लिंबू सांगायला नको. सगळ्यांत लहान जो असतो, ज्याला खेळ कळत नाही पण सोडला तर रडतो, त्याला घ्यायचं. त्याने पळायचं, ओरडायचं, सगळं करायचं; आऊट मात्र व्हायचं नाही, कारण तो मोजण्यातच नाही. सत्तरीला टेकलेल्या महिपतीनानांना त्या दिवशी गोलातल्या सगळ्यांत लहान मुलाची जागा मिळाली. त्यांनी म्हैस उडवली, बैल उडवला, हातपंपसुद्धा उडवला. कोणी काही म्हणालं नाही.

घरी काशीबाईने विचारलं, "काय शिकवलं आज?"

"म्हस उडवली."

"कोनी?"

"मीच."

काशीबाईने भाकरी उलटली आणि नवऱ्याच्या कपाळाला हात लावून बघितला.

खरं सांगायचं तर नानांना ती शाळा पटलेलीच नव्हती. त्यांच्या मनात शाळा म्हणजे पाटी, आणि पाटी म्हणजे छडी. स्वतः ते पाटीपर्यंत पोचले नव्हते, छडी मात्र मुकादमाकडून भेटली. इथे पोरं बाटल्यांची झाकणं रंगारंगाने लावत बसायची, बाहुलीला अंघोळ घालायची, भांडायची, परत एक व्हायची.

"मालू, ह्या शाळंत शिकवतात कवा गो?" त्यांनी एकदा न राहवून विचारलं. "आला की खेल, गेला की खेल. घरी काय वाईट होतं?"

"बघा थोडे दिवस नाना. मग मला सांगा, पोरं काय नाय शिकली ते."

बघायला नानांना वेळच वेळ होता. बोट अडकलेलं, दुसरं करणार काय? तर त्यांनी एक दिवस पाहिलं, साहिलने रिकामा कप निकेशपुढे केला. निकेश म्हणाला, "गरम हाय," आणि कपावर फुंकर घातली. मग साहिलने नानांना कप दिला. नानांनी आत पाहिलं. काही नव्हतं. पण दोन्ही पोरं त्यांच्या तोंडाकडे बघत होती, म्हणून त्यांनीही फुंकर घातली आणि घोट घेतला.

"साखर?" साहिलने विचारलं.

"कमी हाय," नाना म्हणाले.

साहिल तडक उठला, कोपऱ्यातून काहीच नसलेली साखर चमच्याने मोजून आणली आणि घातली. नाना मला नंतर सांगत होते, "अरे, चहा नव्हता, साखर नव्हती, आनि त्याला ठाव हाय की पाव्हन्याला कमी पडलं तर उठून आनायचं. हे त्याला कोनी लिवून दिलं?" मग जरा थांबून म्हणाले, "चहा बरा होता."

दिवाळीच्या आत एकदा वरच्या मॅडम आल्या. सुरभी मॅडम, पेणहून, स्कूटरवर. मुलांची वजनं पाहिली, खिचडी चाखली, हत्तीच्या शेपटीपाशी थबकल्या आणि मग गोलात मांडी घालून बसलेल्या नानांपाशी आल्या.

"हे कोण?"

मालूताई उत्तर जुळवत होत्या, तेवढ्यात पोरांनी एका सुरात सांगून टाकलं, "कच्चा लिंबू!"

मॅडमनी हसू दाबायचा प्रयत्न केला. तो काही साधला नाही. जाताना स्कूटरला किक मारता मारता म्हणाल्या, "आजोबा, या तुम्ही, छान आहे. पण आमच्याकडे कच्च्या लिंबाची सोय सहाव्या वर्षापर्यंतच असते हं."

नाना हसले. पण पुढे दोनतीनदा त्यांनी ते वाक्य आपल्याशीच म्हटलेलं ठमाबाईने ऐकलं.

मग ते मिठागराचं प्रकरण झालं.

हातपंपाच्या बाजूला चिखल असतो. त्यात पोरं मीठ-मीठ खेळत होती. ज्यांचे आजे-पणजे मिठात गेले त्यांची पोरं चिखल दिसला की दुसरं काय खेळणार? निकेशकडे करवंटी, साहिलकडे आइस्क्रीमचा लाकडी चमचा. वाकडे-तिकडे बांध, पाणी एकीकडून घालावं तर दुसरीकडून पळतंय. नाना ओट्यावरून बघत होते. बघवेना. सुताराच्या पुढ्यात कोणी रंधा उलटा धरला तर त्याचं जे होईल, ते नानांचं झालं.

"आरं, असा नाय. सरका. सरका बाजूला."

आणि मग त्यांचे हात जे चालू झाले! मनूला सदऱ्याचं टोक दिलं आणि दोन्ही हात चिखलात. वर पाणी साठवायला मोठा चौकोन, त्याखाली पाणी तापायला दुसरा, त्याखाली मिठाचे छोटे वाफे, सगळे एका सुतात. कौलाचा तुकडा लावून झडप केली. झडप उचलली की पाणी नेमकं एका वाफ्यात जायचं आणि तिथेच थांबायचं. बंद पडलेलं सगळं मिठागर नानांनी हातपंपापाशी परत उभं केलं. कपाळावरचा घाम मनगटाने पुसत ते मोठ्या समाधानाने वळले.

मागे कोणी नव्हतं.

पोरं ओट्याच्या पायरीवर डॉक्टर-डॉक्टर खेळत होती. निकेशच्या छातीला करवंटी लावून तपासणी चाललेली. सदरा धरून उभी असलेली मनू तेवढी होती.

"आजा, मना माती नाय गावली."

मालूताई दारातून म्हणाल्या, "आगर झकास झालाय नाना. मीठ विकायला काढा. पण खेळलं कोण?"

नानांनी त्या दिवशी ताटात अर्धी भाकरी तशीच ठेवली. शेवटी काशीबाईला सांगितलं. तिला वाटलं होतं काहीतरी दुखतंय. गोष्ट ऐकून ती पदर तोंडाला लावून हसत सुटली.

"ही खोड तुमची जुनीच हाय. मी नवीन नवरी आले तवा मना भाकरी थापू दिलीत का? अशी थाप, तशी थाप, पानी कमी घाल. शेवटी एक दिवस पिठाची परात तुमच्या पुढ्यात सारली आनि बाहेर जाऊन बसले. तवा कुठं गप झालाव."

"भाकरी बरी झाली व्हती मी केलेली."

"रायगडाचा नकाशा झाला व्हता."

दुपारी खाटेवर पडल्या पडल्या नानांना आपलं लहानपण आठवलं. एरवी ते म्हणायचे, आमी कवा खेळलोच नाय, मनूएवढे होतो तेव्हा मिठागरात उभे केले. तेही खरंच. पण हंगामाच्या सुरुवातीला वाफ्याचा तळ घट्ट करायला तो पायांनी तुडवावा लागे. मोठी माणसं तुडवून थकली की पोरांना आत सोडायचे. एकमेकांच्या कमरा धरून पोरं रांगेने चिखलात थयथय नाचायची, पडायची, एकमेकांना माखायची. मुकादमाला वाटायचं पोरं काम करतायत. पोरांना वाटायचं खेळतायत. दोघांचंही त्यात भागून जायचं. आणि घोटून घोटून चिखल कधी चामड्यासारखा होतो, ते नानांना कोणी शिकवल्याचं आठवेना. तळपायाला आपोआप कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी पोरं पुन्हा चिखलात उतरली तेव्हा नाना मनूला घेऊन बाजूला बसले आणि त्यांनी जीभ दाताखाली धरली. बांध वाकडा गेला. गप्प. पाणी फुटलं. गप्प. निकेशने उतारावर वरच्या अंगाला बांध घातला, तेव्हा नानांच्या घशातून एक आवाज निघाला, पण त्यांनी तो खोकल्यात घातला.

"आजा, पानी कुठं जाते?" निकेशने विचारलं.

पन्नास वर्षं पाणी अडवण्यात घालवलेला माणूस म्हणाला, "मना काय ठाव!"

निकेश वैतागला. वैतागून त्याने आपल्याच वाफ्यात पाय आपटला. एकदा, दोनदा, पाचसहादा. मग पाणी ओतलं, तर जिथे पाय आपटला तिथे पाणी उभं राहिलं. तो बघत राहिला. मग ओरडला, "नाचा रे! नाचला की पानी ऱ्हाते!"

सगळी पोरं वाफ्यात घुसली आणि थयथयाट सुरू झाला. मनू आज्याला चिकटून बघत होती. एका हाताने बोट धरून नाचता येईना. तिने एकदा तसं करून पाहिलं, तोल गेला. आणि मग, कुणी काही न सांगता, बोट सोडून ती त्या चिखलात उतरली आणि साहिलची कंबर धरून नाचायला लागली.

नानांचं बोट हवेत तसंच राहिलं, वाकलेलं.

हे व्हावं म्हणूनच तर गणपतीपासून सगळा खटाटोप होता. घरी जाऊन पेढे वाटायचे, नितेशला फोन करायचा. नानांनी काय केलं? दोन पावलं पुढे गेले, वाकले आणि म्हणाले, "मनू, पाय घसरंल गो. धर."

आणि बोट पुढे केलं.

मनूने वर पाहिलं. आजा म्हणतोय म्हणजे घसरत असेल, असं तिला वाटलं असणार. तिने बोट धरलं आणि बाहेर आली.

मालूताईंनी ते पाहिलं. तेव्हा बोलल्या नाहीत. पोरं घरी गेल्यावर, ओटा धुताना, पाणी ओतत ओतत म्हणाल्या, "नाना, एक विचारू? रागावू नका. बोट नक्की कुणी धरलंय कुणाचं?"

नानांनी पायात वहाणा सरकवल्या. मनूला घेऊन निघाले. रस्ता एवढा रुंद, पण त्या दिवशी त्यांचं पाऊल त्या मनातल्या बांधावरून दोनदा घसरलं.

दुसऱ्या दिवसापासून नाना हात पाठीमागे बांधून बसायला लागले. "कंबर धरलीय," म्हणाले. मनूने दोन्ही बाजूंनी फिरून बोट शोधलं. चिडली. नानांच्या पाठीवर डोकं आपटलं. रडलीही, पण हातपंपावरच्या बायांना कळशी ठेवण्याइतकं नाही. मग चिमणी-भुर्र सुरू झालं आणि गोलात एक नवं बोट टेकलं गेलं, बारीकसं, चिखलाचं नख असलेलं. पहिल्याच फेरीत म्हशीला उचललं आणि आऊट झालं. मनू इकडे तिकडे बघत राहिली. बोट धरलेलं असताना ती कधी आऊट झालीच नव्हती.

"परत येनार का माजी पाळी?" तिने विचारलं.

"येनार ना. सगल्यांची येते," साहिल म्हणाला.

एवढं सगळं झालं तरी नाना समोर लागायचेच. पाणी प्यायला उठले की मनू मागोमाग. ओट्याच्या आड गेले की आत रडण्याचा सूर. नोव्हेंबर गेला, थंडी पडली, शेतात वाल आला, संक्रांतीचा तीळगूळ झाला. नितेश अजून मधूनमधून पेणला जागा होत होता. रोह्याचा खोलीवाला फोन करून विचारायचा, आणि पूजा म्हणायची, बघू, अजून जरा. नाना भिंतीपाशी हात मागे बांधून बसायचे. कंबरेचं ते दुखणं आता सगळ्या गावाला खरं वाटायला लागलं होतं. कोणी कोणी तेलही आणून दिलं.

आणि मग एका सकाळी राज्य मनूवर आलं.

ती गोलाच्या मध्ये उभी राहिली. याआधी ती कधी मध्ये उभी राहिली नव्हती. मालूताईंनी सगळ्यांची बोटं जमिनीला टेकवून घेतली. नानांनीही हात पुढे आणून बोट टेकवलं. मनू मध्ये उभी, आता ते कोणी धरायची भीती नव्हती.

निकेशने रीतसर विचारलं, "आजा कच्चा लिंबू ना अजून?"

मनूने आज्याकडे पाहिलं. राज्य तिचं होतं.

"नाय," ती म्हणाली. "आजा पक्का."

"चिमणी उडाली!"

"भुर्र!"

"कावळा उडाला!"

"भुर्र!"

"म्हस उडाली!" एक बारकं पोर आऊट झालं आणि खुशीने बाहेर जाऊन बसलं.

"इमान उडाला!"

"भुर्र!"

मनूला सुचेना. तिने छताकडे पाहिलं, हत्तीच्या शेपटीकडे पाहिलं, मग डोळे एकदम चमकले.

"मनू उडाली!"

एकही बोट हललं नाही. पोरं हुशार झाली होती. खोलीत एकच बोट वर गेलं, जाडसर, मिठाने पांढुरक्या भेगा पडलेलं.

"भुर्र," नाना म्हणाले.

नानांना विचाराल तर ते आजही सांगतात, ऐकू कमी आलं. ठमाबाई म्हणते, तिने चुलीपाशी ऐकलं म्हणजे काही कमी ऐकू येण्यासारखं नव्हतं.

"आजा आऊट! आजा आऊट!" पोरांनी छप्पर डोक्यावर घेतलं.

"मान्सा उडत नाय, आजा," मनूने समजावून सांगितलं, अगदी मालूताईंच्या सुरात. "तू आऊट. बाहेर बस."

नाना गुडघ्यावर हात ठेवून उठले. दारापर्यंत गेले. तिथे थांबले. आता सूर लागेल म्हणून त्यांनी कान मागे ठेवले होते. मालूताईंनीही श्वास रोखला होता. मनूने आज्याच्या पाठीकडे पाहिलं, मग गोलाकडे पाहिलं. गोलात सगळी बोटं टेकलेली होती आणि तिची वाट बघत होती.

"पोपट उडाला!"

"भुर्र!"

नाना ओट्यावर येऊन पायरीवर बसले. ठमाबाई तिथल्याच चुलीपाशी डाळ-तांदूळ धूत होती.

"काय नाना, आज बाहेर?"

"आऊट झालो."

"कच्चा लिंबू कसा आऊट होल?"

नानांनी मिशीवरून हात फिरवला. "पिकला गो," म्हणाले.

आतून मनूचा आवाज आला, "आऊट झाल्यावर बोलायचा नाय, आजा!"

नानांनी ओठांवर बोट ठेवलं. आत राज्य बदललं, निकेशवर आलं, मग झाकणांचा खळखळाट ऐकू आला. कोणीतरी भांडलं, त्यात एक आवाज मनूचा होता आणि तो हरत नव्हता. नाना उठले आणि स्टेशनाच्या रस्त्याला लागले.

रोह्याकडची गाडी आली तेव्हा ते कासूच्या फलाटावर उभे होते. म्हटलं, आज झोपला तर हाक मारू. पण नितेश जागा होता. बापाला बघून घाबरलाच.

"बाबा? तुमी हितं? मनू कुठंय?"

"शाळंत."

"एकटी?"

"एकटी कशी? एवढी पोरं हायत की." नाना चालायला लागले. थोडं पुढे गेल्यावर, मागे न बघता म्हणाले, "त्या रोह्याच्या खोलीवाल्याला आज फोन कर. होळीची वाट बघत ऱ्हाऊ नको."

नितेशने खिशातला फोन चाचपला. बापाच्या मागून चालत राहिला. त्याच्या एक गोष्ट लक्षात आली, आणि नंतर त्याने ती मला सांगितली म्हणून मला माहीत. बाप रस्त्याच्या मधून चालत होता, मागून येणाऱ्या टेम्पोने हॉर्न देईपर्यंत. हात मागे बांधलेले नव्हते. दोन्ही बाजूंना मोकळे हलत होते, आणि उजव्या हाताचं पहिलं बोट मधूनच वाकून सरळ होत होतं.

खाडीच्या बाजूला तिवरांतून एक बगळा उडाला. नानांचं बोट वर गेलं.

हे मात्र बरोबर होतं.